दक्षिण तटावरचे वाक्य

इंदूताई,

काल तुझ्या पिंडाला कावळा लगेच शिवला.

भटजींनी पान तळ्याच्या पायरीवर ठेवले आणि हात धुवायला ते वळले, तोच तो चिंचेवरून उतरला. त्याने मान तिरकी केली नाही, कावळ्यांची नेहमीची शंका घेतली नाही. भाताच्या गोळ्यात सरळ चोच घातली. "सुटली हो," यमुमावशी म्हणाली, "काय पन मागं राहिलं नव्हतं तिचं." सगळ्यांनी हात जोडले. तुझे विधी करणारा आपला चुलतभाऊ दिनेश ओल्या धोतरातच हसला, कारण त्याला दुपारपाळी गाठता येणार होती.

मी मात्र तयारीने आले होते. कावळा अडेल अशी माझी खात्री होती. तो अडला की आपल्याकडे माणसे एकेक करून पुढे होतात, गेलेल्याच्या मनात काय राहिले असेल ते चाचपत वचने देतात, आणि नेमका शब्द पडला की पक्षी उतरतो असे मानतात. मी दहा दिवस एक वाक्य तोंडात घोळवत होते. ते सगळ्यांदेखत, मावशीदेखत, मोठ्याने म्हणणार होते. तू मला तेवढीही संधी दिली नाहीस.

तुझ्याबद्दल नऊ वर्षे एक गोष्ट सांगितली जाते. अंथरुणाला खिळलेल्या आईला धाकटीच्या गळ्यात टाकून थोरली नर्मदेच्या परिक्रमेला गेली. आई अखेरच्या घटका मोजत होती, धाकटी स्वतः तिला आणायला गेली, तरी ती आली नाही. तिला आईपेक्षा नदी प्यारी झाली. पापडीच्या वाडीपासून फुलपाड्यातल्या माझ्या इमारतीच्या जिन्यापर्यंत ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. ती खोटी आहे. खोटी आहे हे आपल्या दोघींनाच ठाऊक होते, आता माझ्या एकटीला ठाऊक आहे. हे एकटेपण मला सोसवत नाही म्हणून लिहिते आहे. तुझ्या प्रेमाखातर लिहिते असा आव आणणार नाही.

बारा वर्षे आई पापडीच्या घरात उजव्या अंगाने लुळी होऊन पडली होती आणि बारा वर्षे तिचे सगळे तू केलेस. मी रविवारी येत असे. फाटकातून आत शिरले की आधी वाडी अंगावर यायची: बावखलाच्या हिरव्या, साचलेल्या पाण्याचा गारवा, कुजणाऱ्या केळीच्या सोपटांचा वास, आणि अंगणात चटईवर वाळत घातलेल्या केळ्यांचा, आपल्या सुकेळ्यांचा तो जड, मधाळ दरवळ. उंबरा ओलांडला की तो धागा तुटायचा. आत खोबरेल, फिनेल, ओले कापड, आणि त्या सगळ्याच्या तळाशी म्हाताऱ्या कातडीचा आंबूस दर्प. मी जाऊन खिडकी सताड उघडायचे. तू तिचे एक दार ओढून घ्यायचीस, कारण आईला वारा बाधायचा. मग मी तासभर आईचा डावा हात हातात घेऊन कॉलेजातल्या गमती सांगायचे, आई अर्ध्या ओठांनी हसायची, आणि तू म्हणायचीस, "बघ, तू आलीस की कशी फुलते." मी कविता शिकवणारी बाई. शब्दांमागचे ऐकायला शिकवते म्हणून माझा पगार चालतो. तुझ्या त्या वाक्यातला थकवा मला एकदाही ऐकू आला नाही.

एकदाच तू म्हणालीस, पाठ धरली आहे. मी म्हणाले, "घरात दोघीच तर आहात. एका माणसाचं करायचं ते काय एवढं?" तू आईच्या डोक्याखालची उशी उलटी केलीस, थंड बाजू वर आणलीस. तुझे उत्तर तेवढेच.

मग त्या वर्षी आश्विनात तू फुलपाड्याला आलीस. तीन जिने चढून, धापा टाकत, हातात वाडीतल्या अळूची जुडी. पाणी प्यायच्या आधीच म्हणालीस, "सुमे, सहा महिने आईला ने."

"म्हणजे?"

"मी नर्मदेला चालले. परिक्रमेला. पायी."

"कोणाबरोबर?"

"एकटीच."

मला हसू आले. "आणि हे कशासाठी म्हणे?"

"झोप लागत नाही मला. आणि आईला कुशीवर वळवताना मनात वाईट येतं."

"काय वाईट?"

तू अळूच्या देठाचा दोरा सोडवत राहिलीस. "तिचं काही चुकत नाही गं. माझंच मन नासलंय. ते कुठेतरी नेऊन धुवायला हवं."

"मग आपली खाडी काय वाईट आहे? तिच्या काठानं चाल. संध्याकाळी घरी."

"खाडीकाठी सगळे ओळखतात, सुमे. दर चार पावलांवर विचारतात, आई कशी आहे."

मी तेव्हाही हसले. आज तुझे ते वाक्य मला कोणत्याही ओळीपेक्षा जास्त छळते. ज्या प्रश्नापासून तू कितीतरी कोस लांब चाललीस, तोच प्रश्न शेवटी तुला मला विचारावा लागला, आणि मी काय उत्तर दिले ते तुला माहीत आहे.

निघताना तू मला नियम समजावलेस, जणू मीच निघाले होते. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची. परिक्रमा पुरी होईपर्यंत तिचे पात्र ओलांडायचे नाही. दक्षिण तटावरून उत्तर तटावर जायचे ते फक्त तिच्या मुखाशी, जिथे ती समुद्राला मिळते तिथे, नावेतून वळसा घालून. तिचे पाणी एका बाटलीत सतत जवळ बाळगायचे. मिळेल ते खायचे, मागायचे नाही. "आणि घरून बोलावणं आलं तर?" मी विचारले. "तर यायचं," तू म्हणालीस. "नदी काय, पुन्हा भेटते." हे तुझे शब्द आहेत. नंतर मी ते कोणालाही सांगितले नाहीत.

कार्तिकात आई माझ्याकडे आली. दिनेशने आणि ह्यांनी तिला खुर्चीसकट वर आणले. आमच्या इमारतीला टँकरचे पाणी. पहिला घोट तिने ओठांतून बाहेर सोडून दिला. "ह्या पान्याला वास येतो. आपल्या विहिरीचं पानी दे." दुसऱ्या दिवशी तेच पाणी मी तांब्याच्या पेल्यात ओतले आणि म्हणाले, दिनेशने वाडीतून आणले आहे. आईने माझ्याकडे नीट पाहिले. "इंदी खोटं नाय बोलत," ती म्हणाली, आणि प्यायली.

तू एक कागद लिहून दिला होतास. कोणत्या वेळी काय भरवायचे, कुठे तेल, कुठे पावडर, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची. मी तो फ्रिजच्या दारावर लावला आणि वाचला नाही. एका माणसाचे करायचे, त्यात वाचायचे काय? तिसऱ्या आठवड्यात आईच्या पाठीवर रुपयाएवढा लाल डाग दिसला. चौथ्यात त्याची जखम झाली. पाचव्यात त्या जखमेचा वास घरभर हिंडू लागला, माझ्या साड्यांत, पोळ्यांच्या डब्यात, तपासायला आणलेल्या पेपरांत. तेव्हा मी तुझा कागद वाचला. तुझे अक्षर सरळ, ओळी सुट्या. खाली एक ओळ अधोरेखित होती: 'ती रागावली तर तिला गाण्यातली एखादी ओळ म्हणून दाखव.'

आणि एका दुपारी तिने तिसऱ्यांदा कपडे ओले केले, तेव्हा मी तिचा लुळा हात उचलला आणि तसाच सोडून दिला. खाटेच्या लाकडी कडेवर तो आपटला. त्या हाताला काही कळत नव्हते. डोळ्यांना कळत होते. तुझ्या मनात काय वाईट यायचे ते मला त्या क्षणी समजले. तुला ते यायला बारा वर्षे लागली होती. मला पाच आठवडे पुरले.

माणिकपूरहून आलेले डॉक्टर जखम पाहून म्हणाले, ताप आता उतरणार नाही, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. आई "इंदे, इंदे" म्हणत होती. तुझे पोस्टकार्ड चारच दिवसांपूर्वी आले होते: 'पौषाच्या सुरुवातीला समुद्राशी पोचेन. तिथे नावेसाठी दोनतीन दिवस थांबावे लागते. आईला सांग, रोज तिच्या नावाने एक दिवा सोडते.' म्हणजे तू अजून दक्षिण तटावर होतीस. घराच्या बाजूच्या तटावर. यायला नदी ओलांडावी लागणार नव्हती.

शेजारची फिलूमावशी पापडीहून आली, गळ्यातल्या क्रुसाला हात लावून आईच्या उशाशी बसली. "जा बाय, घेऊन ये तिला. मी हाय इथं. तुझी आय माझ्या हातचं पानी पिते." माझ्या पिशवीत तिने सुकेळ्यांची एक पुडी कोंबली, केळीच्या सुक्या पानात घट्ट गुंडाळलेली. तूच निघण्यापूर्वी तिच्याकडे ठेवून गेली होतीस. "येताना दोघी खा."

वसई रोडहून पहाटेची गुजरातकडची गाडी, मग अंकलेश्वर, मग एक खडखडणारी बस, शेवटचे अंतर छकड्यातून. बाहेर काय काय गेले ते आठवत नाही. बसमधून उतरल्यावरचा वास आठवतो. चिखलाचा, खाऱ्या पाण्याचा, ओहोटीने उघड्या टाकलेल्या काठाचा. आपल्या खाडीचाच वास. क्षणभर वाटले, मी चुकून घरीच आले.

आश्रमाच्या अंगणात परिक्रमावासी गाठोडी उशाला घेऊन नावेची वाट पाहत होते. तू निंबाखाली पाय पसरून बसली होतीस. टाचांच्या भेगांत माती भरलेली, पांढऱ्या साडीला नदीचा मळकट पिवळा रंग चढलेला, अंगाला गोवऱ्यांच्या धुराचा वास. हाडे दिसत होती. आणि चेहरा! ताई, तो चेहरा मी तोवर पाहिला नव्हता. कपाळावरची ती उभी आठी, जी मला तुझ्या नाकासारखी जन्मजात वाटायची, ती पुसली गेली होती. मला आधी आनंद व्हायला हवा होता. मला मत्सर वाटला. माझ्या केसांत पुवाचा वास होता आणि तू नदीवरून आलेल्या वाऱ्यात बसली होतीस.

"सुमे!" आणि मग तुझा आवाज बदलला. "आईचं काय?"

मी उत्तर द्यायच्या आत तू झोळी उचलून खांद्याला लावलीस. काठी घेतलीस. शेजारच्या बाईला म्हणालीस, "माताजी, मैं चली. घर से बुलावा आया है." त्या बाईने विचारले, परिक्रमा खंडित होईल ना? तू म्हणालीस, "होने दो."

इथेच सगळे संपले असते. आपण दोघी त्याच छकड्यात बसलो असतो. पण तू माझा चेहरा दोन्ही हातांत धरलास, तुझे तळवे सालीसारखे खरखरीत झाले होते, आणि मायेने म्हणालीस, "काय अवस्था करून घेतलीस गं. नाही ना जमत एकटीला? मला वाटलंच होतं."

मला वाटलंच होतं. हे तू बोलायला नको होतेस. 'एका माणसाचं करायचं ते काय एवढं' या माझ्या जुन्या वाक्याचा तू वचपा काढत होतीस असे मी म्हणत नाही. तुझ्या मनात तसे नव्हते, हे मला तेव्हाही दिसत होते. तरी ते तीन शब्द माझ्या अंगावर चाबकासारखे पडले, आणि माझ्यातून जी बाई बोलली तिला मी आजही आरशात टाळते.

"न जमायला काय झालं?" मी म्हणाले. "आई बरी आहे. मी तुला सुकेळी द्यायला आले."

"बरी आहे?"

"हो."

"जेवते?"

"जेवते."

"पाठ?"

"पाठीला काय होतंय? तुझा कागद आहे ना."

"खरं सांगतेस, सुमे?"

"विश्वास नसेल तर चल माझ्याबरोबर. मोड तुझी परिक्रमा."

तू माझ्याकडे पाहत राहिलीस. मागे कोणीतरी पितळेचे भांडे राखेने घासत होते, तो आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मग तू झोळी खाली ठेवलीस.

आता माझा प्रश्न ऐक. हाच आपल्या अपुऱ्या भांडणाचा गाभा आहे. बारा वर्षे तू एका अर्ध्या मुक्या माणसाचे डोळे वाचत होतीस. तिला तहान कधी लागली, लाज कधी वाटली, हे तुला शब्दांवाचून कळायचे. मग माझे डोळे तुला वाचता आले नाहीत? मी चार तास रेल्वेत आणि दोन तास बसमध्ये बसून सुकेळी द्यायला येणाऱ्यांतली नाही, हे तुला माहीत नव्हते? तुला खोटे कळले नाही, की कळले आणि तू ते घेतलेस, तहानलेल्या माणसाने पाण्याचा वास न पाहता प्यावे तसे? पहिले खरे असेल तर सगळे पाप माझे. दुसरे खरे असेल तर आपण ते वाटून घेतले. मला हे कळायला हवे होते, ताई. एवढे सांगायला तू नऊ वर्षांत एक दुपार काढायला हवी होतीस.

तू पुडी सोडलीस. एक सुकेळे मधोमध तोडून अर्धे मला दिलेस. उन्हाने गडद झालेला तो चिवट गोडवा माझ्या दातांना चिकटून राहिला. मग काठावरून हाक आली, तू आभाळाकडे न बघता, नुसता वारा हुंगून म्हणालीस, "भरती चढली." खाडीकाठची पोर. नावेत चढताना तू पाण्याची बाटली पदराखाली धरली होतीस, तान्ह्या मुलासारखी. नाव निघाली. बराच वेळ ती हाकेच्या अंतरात होती. मी ओरडले नाही.

घरी आल्यावर फिलूमावशी दारातच उभी. "इंदू कुठंय?"

आणि मी दुसरे खोटे बोलले. पहिले गर्वापोटी होते. हे भीतीपोटी. "नाही आली. परिक्रमा मोडत नाही म्हणाली."

"अशी नव्हती गं ती," फिलूमावशी म्हणाली. सगळ्या पापडीत एवढे एकच माणूस असे म्हणाले.

मी परतल्यापासून नवव्या दिवशी आई गेली. तू तेव्हा उत्तर तटावर कुठेतरी चालत होतीस, मध्ये सगळी नदी. आईच्या दहाव्याला कावळा दोन तास आला नाही. दिनेशने वचने दिली, मावशीने दिली. शेवटी मावशी भर तळ्यावर ओरडली, "इंदीत जीव अडकलाय तिचा. पोरीला बोलवून पोरगी आली नाय, कशी शिवल ती?" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या तोंडात तेव्हाही तेच वाक्य होते. ऊन वाढत गेले, भात सुकून त्यावर पापुद्रा धरला. अखेर भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि आम्ही घरी आलो. म्हणजे कालचा प्रसंग माझ्यापुढे दुसऱ्यांदा आला होता. पहिल्या वेळी कावळा थांबला होता आणि मी बोलले नाही. दुसऱ्या वेळी मी बोलणार होते आणि तो थांबला नाही.

तुला आईची बातमी दीड महिन्याने, कुठल्याशा गावात, माझ्या पत्रातून कळली. वैशाखात तू परतलीस. वाडीच्या ओट्यावर मावशी बसली होती, मी वाल सोलत होते. चपला काढायच्या आधीच तिने तुला गाठले. "आली का नदीची लेक! पुण्य किती आनलंस? आय गेली तुझं नाव घेत. बहीन न्यायला आली तर पाठ फिरवलीस व्हय गं?"

तू माझ्याकडे पाहिलेस. एकदाच. मी वालाकडे पाहिले.

"हो मावशी," तू म्हणालीस. "मला उशीर झाला."

आणि आत जाऊन आईची रिकामी खाट पुसू लागलीस.

त्या दिवसापासून मला तुझा राग आहे. लोकांना वाटायचे, आई गेली तेव्हा तू नव्हतीस म्हणून. मी तो समज राहू दिला. त्याच्या आडोशाला मला बरे राहता येत होते. खरा राग होता तो तुझ्या गप्प राहण्याचा. लग्नात तुझ्या हातची ओटी बायका टाळायच्या, हळदीकुंकवाला तुझ्यासमोर आईच्या आठवणी मुद्दाम काढायच्या, आणि तू पानाला चुना लावत ऐकून घ्यायचीस. एकदा तरी म्हणायचेस, सुमनला विचारा. मी नाकारले असते, भांडले असते, कदाचित रडून कबूलही केले असते. तू मला खोटे पाडले नाहीस, आणि त्यामुळे मला खरे होण्याची वाटच उरली नाही. ही क्षमा होती की शिक्षा? तुला नदीकाठी मिळालेली ती शांती तू माझ्यावर दगडासारखी ठेवून दिलीस.

एकदा मी विचारलेही होते, "शांती मिळाली का गं तुला?" तू हसलीस. "चालताना मिळायची. पाय इतके दुखायचे की दुसरं काही आठवायचं नाही. थांबले की आई आठवायची." मग म्हणालीस, "आता थांबलेच आहे की." परिक्रमेची ती बाटली, जिच्यातले पाणी तू ओंकारेश्वरी वाहून आली होतीस, तिच्यात तू घरचे खोबरेल भरून ठेवले होतेस. मला तुझी हीच गोष्ट आवडायची. हे मी तुला कधी सांगितले नाही.

आणि दोन वर्षांपूर्वी आपण ओट्यावर सुकेळी बांधत होतो. केळीची सुकी पाने हातात चुरचुरत होती, चर्चची संध्याकाळची घंटा झाली, फिलूमावशी पलीकडे प्रार्थना पुटपुटत होती. मी धीर केला. "इंदूताई, त्या दिवशी संगमावर..."

तू सुतळीला गाठ मारलीस. "भरती चांगली होती त्या दिवशी," म्हणालीस. "नाव कशी अलगद गेली." आणि पुढचे पान ओढलेस. मी तुला सुतळी तोडून दिली. तुला दार बंद करायचे होते की मला वाचवायचे होते, हे कळायला आता मार्ग नाही.

तू गेलीस तेव्हा मी नव्हते. माणिकपूरच्या दवाखान्यात चार दिवस तुझ्या उशाशी बसून पाचव्या सकाळी मी आंघोळीला घरी गेले होते. फिलूमावशीचा फोन आला तेव्हा केस ओले होते. "काय म्हणाली?" मी विचारले. "कायसुदा नाय. पानी मागितलं. दिलं मी." आपल्या घरातल्या दोघींना शेवटचे पाणी परक्या धर्माच्या म्हातारीने दिले. आणि बघ, बहिणीच्या शेवटच्या क्षणी मी नव्हते, हे कोणीही बोलत नाही. उलट सगळे म्हणतात, सुमनने दोघींचे केले.

काल तळ्यावरून परतताना रिक्षात मावशी माझ्या शेजारी होती. हातातल्या पिशवीत उरलेला भात, ओल्या दर्भाचा वास. ती म्हणाली, "इंदी सुटली, पन आयच्या वेळी नव्हती ती नव्हतीच."

"मावशी," मी म्हणाले, "ती येत होती. मीच तिला सांगितलं, आई बरी आहे."

मावशीने माझा हात थोपटला. "असू दे गं. गेल्या मानसाची बाजू घ्यावी. मोठ्या मनाची हायस तू पयल्यापासून."

"बाजू घेत नाही मी. खरंच मी खोटं बोलले."

"रडू नको. दहा दिवस झोप नाय तुला." आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "दादा, जरा हळू, पोरगी दमलीय माझी."

एवढे सोपे असते खोटे ताई, आणि खरे इतके निरुपयोगी. नऊ वर्षे मी ते दातांखाली धरले, आणि शेवटी उच्चारले तेव्हा त्याचा माझ्याच गळ्यात हार झाला. तुझे काही मागे राहिले नव्हते. कावळ्याने ते सगळ्यांना दाखवून दिले. माझे राहिले आहे, आणि माझ्यासाठी कोणी पान मांडणार नाही.

म्हणून कागदावर लिहिते, जिथे हात थोपटता येत नाही. हे गावच्या अंकात छापायला देणार आहे. मावशीला आता छापील अक्षर दिसत नाही. तिला समोर बसवून मी स्वतः वाचून दाखवीन, आणि ती मध्ये बोलली तर पुन्हा पहिल्यापासून वाचीन. ती बाकी काही विसरली तरी चालेल. एवढेच लक्षात ठेवायचे: त्या दिवशी समुद्राशी, दक्षिण तटावर, मी तोंड उघडण्यापूर्वीच माझ्या बहिणीने घरी येण्यासाठी झोळी उचलली होती.